संगणक-प्रक्रियकाचे तापनियंत्रण

संगणकातील गणनेचे काम करणाऱ्या प्रक्रियकात निर्माण होणारी उष्णता बाहेर काढून त्याचे तापमान सुरक्षित मर्यादेत राखणे, तसेच ही मर्यादा ओलांडली गेल्यास त्याचे कारण शोधून ते दूर करणे, यास तापनियंत्रण म्हणतात. प्रक्रियकास पुरविलेल्या विद्युत् शक्तीचे यांत्रिक कार्यात रूपांतर होत नाही. ती जवळजवळ सर्वच्या सर्व उष्णतेच्या रूपाने प्रकट होते. एखाद्या प्रक्रियकात ६५ वॉट शक्ती खर्च होत असेल, तर नखाएवढ्या सिलिकॉन-चकतीतून दर सेकंदास ६५ जूल उष्णता सतत बाहेर जावी लागते. ती साचून राहिल्यास काही सेकंदांतच प्रक्रियक तापतो आणि यंत्र मंदावते वा बंद पडते.

ही समस्या संगणकाइतकीच जुनी आहे. मात्र आरंभी ती संस्थेची होती आणि संस्था ती खोली थंड ठेवून सोडवीत असे. पुढे यंत्र घरी आले, पण थंड खोली त्याच्याबरोबर आली नाही. मराठवाड्यासारख्या उष्ण व कोरड्या प्रदेशातील घरगुती संगणकाच्या अनेक तक्रारींचे मूळ या स्थित्यंतरात आहे.

इतिहास : १९४६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे प्रकट झालेल्या ‘एनिअ‍ॅक’ या इलेक्ट्रॉनीय संगणकात सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या व त्यास सुमारे १५० किलोवॉट शक्ती लागे. नलिकेतील तंतू तापल्यावाचून ती कार्य करीत नसल्याने उष्णता हा तेथे दोष नव्हता, तर कार्याची अटच होती. ती हटविण्यासाठी मोठे पंखे बसविलेले होते. भारतात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधला गेलेला संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला व १९६२ मध्ये त्यास ‘टिफरॅक’ हे नाव देण्यात आले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. त्याच संस्थेत १९६४ मध्ये ‘सीडीसी ३६००’ हा ट्रँझिस्टरांवर आधारित मोठा संगणक आला. या पिढ्यांतील यंत्रांसाठी वातानुकूलित दालन ही चैन नव्हती. ते यंत्राचाच एक भाग मानले जाई.

ट्रँझिस्टर (१९४७) व संकलित मंडल (१९५८–५९) यांच्या शोधांमुळे प्रत्येक घटकाची उष्णता घटली, परंतु घटकांची दाटी वाढली. १९७१ मधील ‘इंटेल ४००४’ या सूक्ष्मप्रक्रियकात २,३०० ट्रँझिस्टर होते. १९८१ मध्ये आलेल्या ‘आय.बी.एम. पीसी’ या व्यक्तिगत संगणकातील ८०८८ प्रक्रियक ४·७७ मेगाहर्ट्‌झ कंप्रतेवर चाले व दोन वॉटांच्या आत शक्ती घेई. त्यावर पंखा तर सोडाच, धातूचा साधा तुकडाही बसवावा लागत नसे. घरात ठेवता येईल असा संगणक प्रथम शक्य झाला, त्याचे हे एक दुर्लक्षित कारण होय.

ही अवस्था फार काळ टिकली नाही. १९९२ च्या सुमारास ६६ मेगाहर्ट्‌झच्या ‘४८६’ प्रक्रियकांवर पात्यांचा धातुठोकळा, म्हणजे बाजारात ज्यास ‘हीटसिंक’ म्हणतात तो, दिसू लागला. १९९३ मधील पहिले ‘पेंटियम’ प्रक्रियक सुमारे १५ वॉट शक्ती घेत व हीटसिंकवर छोटा पंखा बसविणे सर्वसाधारण झाले. वास्तविक रॉबर्ट डेनार्ड व त्यांचे सहकारी यांनी १९७४ मध्ये असे दाखविले होते की, ट्रँझिस्टर लहान करताना विद्युत् दाबही त्याच प्रमाणात कमी केल्यास दर चौरस मिलिमीटरमागील उष्णता वाढत नाही. परंतु घटक अतिसूक्ष्म झाल्यावर दाब आणखी उतरविता येईना आणि बंद अवस्थेतील ट्रँझिस्टरांतूनही प्रवाह गळू लागला. ‘पेंटियम ४’ मालिकेतील ३·८ गिगाहर्ट्‌झचा प्रक्रियक २००४ च्या अखेरीस आला. त्याची ऊष्मीय मर्यादा ११५ वॉट होती. त्याच वर्षी या मालिकेतील नियोजित ४ गिगाहर्ट्‌झचा प्रक्रियक रद्द झाला. त्यानंतर कंप्रता वाढविण्याऐवजी एकाच चकतीवर अनेक गाभे बसविण्याकडे उद्योग वळला. २००६ मधील ‘कोअर २ ड्युओ’च्या बहुतेक प्रकारांची मर्यादा ६५ वॉटांवर उतरली. पुढे पुन्हा चढ सुरू झाला व २०२२ मध्ये काही घरगुती प्रक्रियक अल्पकाळ २५० वॉटांहून अधिक शक्ती घेऊ लागले.

मोठ्या यंत्रांच्या बाबतीत महाराष्ट्रात हा प्रश्न वेगळ्या मार्गाने सुटत गेला. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला. २०१९ मध्ये पुण्याच्याच भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत उभारलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकात उष्णता पाण्याच्या साहाय्याने थेट प्रक्रियकाजवळूनच वाहून नेण्याची योजना आहे. संस्थेस हे शक्य असते. घरगुती संगणकाचा आधार मात्र खोलीतील हवा हाच राहिला.

घरगुती संगणकाचा प्रसार : १९८४ च्या संगणकविषयक धोरणाने आयातीवरील निर्बंध शिथिल झाले. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञानविषयक आंतरराष्ट्रीय करारात सामील झाल्यावर सुट्या भागांवरील जकात टप्प्याटप्प्याने उतरत जाऊन २००५ पर्यंत बहुतांशी शून्यावर आली. मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यासारख्या बाजारपेठांतून सुटे भाग आणून जिल्ह्याच्या गावी संगणक जुळवून देणारा एक कारागीर वर्ग उदयास आला. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रमाने तालुका व मोठ्या गावांपर्यंत संगणक-शिक्षण पोहोचविले. अभ्यास, अर्ज, निकाल व हिशेब यांसाठी घरी संगणक घेण्याकडे कल वाढला.

याच सुमारास प्रक्रियक सर्वांत उष्ण झाले होते, हा योगायोग महत्त्वाचा आहे. ‘इंटेल’ कंपनीने त्या काळी कॅबिनेटसाठी जो आराखडा सुचविला होता, त्यात प्रक्रियकाच्या पंख्यापाशी पोहोचणारी हवा ३८ अंश से.पेक्षा उष्ण नसावी, अशी अपेक्षा होती आणि खोलीचे तापमान ३५ अंश से. धरलेले होते. त्यासाठी कॅबिनेटच्या बाजूच्या झाकणास जाळी व हवेची नळी देण्यात आली. हवेचा मार्ग सुधारण्यासाठी ‘बीटीएक्स’ ही नवी मांडणीही २००४ च्या सुमारास पुढे आली. परंतु प्रक्रियकांची उष्णता पुन्हा घटल्याने २००६ नंतर ती मागे पडली व १९९५ पासूनची ‘एटीएक्स’ मांडणीच रूढ राहिली. जालना जिल्ह्यात मे महिन्यात दुपारचे तापमान ४० अंश से.च्या वर जाणे नेहमीचे आहे. म्हणजे ज्या खोलीची कल्पना करून यंत्राचा आराखडा केला गेला, ती खोली येथे वर्षातील कित्येक आठवडे अस्तित्वातच नसते.

उष्णतेचा मार्ग : प्रक्रियकाच्या चकतीपासून खोलीतील हवेपर्यंत उष्णता क्रमाने पाच टप्प्यांतून जाते : चकतीवरील धातूचे झाकण, झाकण व हीटसिंक यांमधील ऊष्मावाहक लेप (थर्मल पेस्ट), हीटसिंकचा ठोकळा व पाती, पात्यांतून पंख्याने ढकललेली हवा आणि शेवटी कॅबिनेटमधून बाहेर पडणारी हवा. पहिल्या तीन टप्प्यांत मुख्यतः वहन व शेवटच्या दोहोंत अभिसरण घडते. तांब्याची ऊष्मावाहकता हवेच्या सुमारे १५,००० पट असते. दोन धातुपृष्ठे डोळ्यांना गुळगुळीत दिसली, तरी त्यांमध्ये हवेचे सूक्ष्म कप्पे राहतात. ते भरून काढणे एवढेच लेपाचे काम असते. लेप धातूपेक्षा पुष्कळच मंदवाहक असल्याने तो पातळ असणे इष्ट होय. चांगल्या हीटसिंकमध्ये ऊष्मानलिकाही असतात. नलिकेतील अल्पसा द्रव उष्ण टोकास बाष्परूप होतो व थंड टोकास पुन्हा द्रवरूप होऊन परततो. १९६३ मध्ये जॉर्ज ग्रोव्हर यांनी अमेरिकेतील लॉस अ‍ॅलॅमॉस येथे ही युक्ती व्यवहारात आणली.

या साऱ्या मार्गाचा एकत्रित अडथळा ‘दर वॉटमागे किती अंश’ या स्वरूपात मांडतात. प्रक्रियकाचे तापमान म्हणजे पंख्यापाशी येणाऱ्या हवेचे तापमान अधिक शक्ती व अडथळा यांचा गुणाकार. उदा., ६५ वॉटांचा प्रक्रियक व ०·५ अंश दर वॉट इतका अडथळा असल्यास तापमान हवेपेक्षा ३२·५ अंशांनी अधिक राहील. थंडीत खोली २५ अंश व कॅबिनेटमधील हवा ३० अंश असेल, तर प्रक्रियक ६२·५ अंशांवर स्थिरावेल. मे महिन्यात खोली ४० अंश व आतील हवा ४५ अंश झाल्यास तो ७७·५ अंशांवर जाईल. दोन्ही स्थिती सुरक्षित आहेत. आता पात्यांत धूळ साचून अडथळा ०·८ झाला व आतील हवा खोलीपेक्षा १० अंशांनी तापू लागली, असे मानू. थंडीत तापमान ८७ अंश होईल व घरात कोणाच्या ते ध्यानातही येणार नाही. उन्हाळ्यात मात्र तेच १०२ अंशांवर जाईल. अनेक घरगुती प्रक्रियकांची कमाल मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असल्याने यंत्र अडखळू लागेल. दोष एका ऋतूत जन्मतो व दुसऱ्या ऋतूत दिसतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

अंकुशनगरची परिस्थिती : जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंकुशनगर ही समर्थ सहकारी साखर कारखान्याची वसाहत आहे. अशा वसाहतीत वरील उदाहरणातील ऋतुचक्र जवळजवळ तसेच आढळावे, अशी परिस्थिती असते. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सामान्यतः दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. या काळात उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर व मालमोटारी यांच्या वर्दळीने काळ्या जमिनीची बारीक माती उडते. बगॅस म्हणजे उसाचे चिपाड हे हलके व तंतुमय असते आणि ते बाष्पित्रात जाळल्याने उरणारी राखही सूक्ष्म असते. तंतू हीटसिंकच्या पात्यांच्या तोंडाशी अडकतात, त्यांवर माती व राख धरते आणि वाटलीसारखा जाड थर तयार होतो. हंगाम संपतो तेव्हा ऊन वाढू लागते. त्यामुळे मे महिन्यात संगणक बंद पडू लागला की दोष उन्हास दिला जातो. वस्तुतः तो हिवाळाभर साचत आलेला असतो.

उन्हाळ्यात वापरले जाणारे पाण्याचे कूलर कोरड्या हवेत परिणामकारक ठरतात व खोलीचे तापमान काही अंशांनी उतरवितात. तेवढ्या प्रमाणात संगणकासही लाभ होतो. परंतु कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडल्यास दमट हवेमुळे धूळ पात्यांना चिकटून बसते व पुढे ती झटकून निघत नाही.

दोषनिदान : तापलेल्या प्रक्रियकाची लक्षणे इतर बिघाडांसारखीच भासतात. यंत्र मंदावणे, चित्र अडखळणे, पंख्याचा आवाज वाढणे व कामाच्या मध्येच संगणक एकाएकी बंद होणे, ही ती लक्षणे होत. सुमारे २००० पासून प्रक्रियकांत स्वसंरक्षणाची योजना रूढ होत गेली. मर्यादा जवळ येताच प्रक्रियक स्वतःची गती कमी करतो व तरीही तापमान वाढल्यास यंत्र बंद पाडतो. त्यामुळे प्रक्रियक सहसा जळत नाही, पण दोष मात्र झाकला जातो. मंद झालेल्या संगणकात ‘व्हायरस’ शिरला असे समजून सर्व माहिती पुसून प्रणाली नव्याने भरली जाते, किंवा चांगला मदरबोर्ड बदलला जातो. घरातील छायाचित्रे, हिशेब व मुलांचा अभ्यास अशा वेळी विनाकारण नष्ट होतो आणि काही दिवसांत यंत्र पुन्हा बंद पडते. म्हणून खर्चाचा उपाय करण्यापूर्वी तापमान मोजणे अगत्याचे असते.

मोजमाप : मदरबोर्डाच्या प्राथमिक मांडणीत (बायॉस) किंवा तापमान दर्शविणाऱ्या आज्ञावलीत प्रक्रियकाचे तापमान पाहता येते. यंत्र स्वस्थ असताना व पंधरा-वीस मिनिटे जड काम केल्यावर, अशी दोन मापे घ्यावी लागतात आणि प्रत्येकातून खोलीचे तापमान वजा करावे लागते. निदानाचा आधार हा फरक असतो. तेच काम करताना पहाटे व दुपारी फरक सारखाच आढळला व तो पूर्वीइतकाच असला, तर वाढ हवामानाची आहे. फरकच पूर्वीपेक्षा वाढलेला असेल, तर उष्णतेच्या मार्गात अडथळा आला आहे. बराच वेळ बंद असलेले यंत्र सुरू करताच खोलीपेक्षा कमी तापमान दाखवीत असल्यास तापमापकाच्या वाचनावर विसंबता येत नाही.

अडथळ्याचे स्थान : स्वस्थ यंत्रातही प्रक्रियक सतत कामात गुंतलेला दिसल्यास दोष शीतनाचा नसून पार्श्वभूमीवर चालणाऱ्या एखाद्या आज्ञावलीचा असतो. तसे नसल्यास मार्ग बाहेरून आत तपासतात. कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढून तेच काम केल्यावर तापमान बरेच उतरले, तर कॅबिनेटमधील हवेचा प्रवाह अपुरा आहे. ते न उतरल्यास अडथळा हीटसिंक, पंखा किंवा लेप यांत असतो. पंखा फिरत असून पाती बरीच तापलेली असल्यास उष्णता पात्यांपर्यंत येते, पण हवेत जात नाही. म्हणजे धूळ साचली आहे. याउलट सुरू करताच काही सेकंदांत तापमान ९० अंशांवर जात असेल व पाती मात्र गार असतील, तर हीटसिंकचा प्रक्रियकाशी स्पर्शच तुटलेला असतो. ‘इंटेल’च्या २००४ नंतरच्या अनेक हीटसिंकांस मदरबोर्डात दाबून बसविण्याच्या प्लॅस्टिकच्या चार खुंट्या असतात. त्यांपैकी एक जरी सुटली, तरी ठोकळा तिरपा होऊन हा दोष उद्भवतो.

उपाय : धूळ काढण्यापूर्वी संगणक बंद करून विजेची तार काढून ठेवतात. थर बहुधा पंखा व पाती यांच्या मध्ये असतो व वरून दिसत नाही. म्हणून पंखा सोडवून कोरड्या मऊ ब्रशाने किंवा हवेच्या झोताने पाती स्वच्छ करतात. झोत मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवणे आवश्यक असते, अन्यथा तो अतिवेगाने फिरून त्याचा आस झिजतो. खरखरणारा वा अडकत फिरणारा पंखा बदलणेच योग्य ठरते. विद्युत् पुरवठा करणाऱ्या पेटीचे (एस.एम.पी.एस.) आवरण मात्र घरी उघडत नाहीत, कारण वीज तोडल्यावरही तिच्यातील धारित्रांत धोकादायक विद्युत् भार काही काळ टिकून राहतो.

हीटसिंक एकदा उचलल्यावर जुना लेप पुन्हा उपयोगी पडत नाही. तो आयसोप्रोपिल अल्कोहॉलने पुसून मधोमध तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढा नवा लेप लावतात. हीटसिंकच्या दाबाने तो पसरतो. लेप वाळून घट्ट झाला असेल, तर यंत्र थोडे तापवून बंद केल्यावर हीटसिंक हलकेच फिरवीत सोडवितात. तो सरळ ओढल्यास काही प्रकारचे प्रक्रियक खोबणीतून उपटून येतात व त्यांच्या पिना वाकतात.

कॅबिनेटची जागाही तितकीच महत्त्वाची आहे. संगणकासाठीच्या मेजात कॅबिनेट ठेवण्याचा जो बंदिस्त कप्पा असतो, त्यात बाहेर पडलेली उष्ण हवाच पुन्हा आत ओढली जाते. मागील बाजू भिंतीपासून वीतभर दूर व तळ जमिनीपासून उंच ठेवल्यास प्रवाह सुधारतो आणि धूळही कमी शिरते. एवढे करूनही तीव्र उन्हाळ्यात तापमान मर्यादेजवळ राहिल्यास प्रणालीतील वीजवापराच्या मांडणीतून प्रक्रियकाची कमाल गती किंचित उतरविता येते. प्रक्रियकातील बदलत्या प्रवाहाचा शक्तिव्यय कंप्रतेच्या व विद्युत् दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. गती उतरल्यावर दाबही उतरत असल्याने थोड्या गतीच्या मोबदल्यात उष्णता पुष्कळ घटते.

मर्यादा : हवेने थंड होणारा प्रक्रियक खोलीतील हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. द्रवशीतनाचे संच घरगुती वापरासाठी उपलब्ध असले, तरी त्यांतील द्रवही अखेर खोलीच्या हवेतच उष्णता सोडतो. त्यामुळे उष्ण खोलीचा प्रश्न त्यांनी सुटत नाही. महाग हीटसिंकही धूळ भरल्यावर साध्या हीटसिंकइतकाच निरुपयोगी ठरतो. अंकुशनगरसारख्या ठिकाणी म्हणूनच उपकरणापेक्षा वेळापत्रक अधिक उपयोगी पडते : हंगाम संपताच, उन्हाचा कडाका सुरू होण्यापूर्वी, वर्षातून एकदा पाती स्वच्छ करणे व स्वच्छ अवस्थेतील तापमानाचा फरक लिहून ठेवणे. पुढील वर्षी यंत्र अडखळल्यास तीच नोंद दोष उन्हाचा की धुळीचा, याचा निर्णय देते.